निळ्या कागदाच्या करामती

शहराच्या विकासाची ब्लू प्रिंट, पक्षाची ब्लू प्रिंट, शेतीचं उत्पन्न वाढवण्याची ब्लू प्रिंट. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा शब्द आठवड्यातून एकदा तरी भेटतोच. आज यातल्या एकाही ब्लू प्रिंटमध्ये निळं काही नसतं. पण हा जोडशब्द जन्मला तेव्हा तो अगदी शब्दशः खरा होता. गडद निळा कागद, त्यावर पांढऱ्या रेघा. हा कागद उन्हात ठेवून, पाण्यात धुऊन, दोरीवर वाळत घालून तयार व्हायचा. त्याची गोष्ट खणायला घेतली की समुद्रातलं शेवाळ, वेढ्यात अडकलेलं गाव, एक जहाल विष, एक औषध आणि आपल्या देशातला एक हाताचा ठसा, असं काय काय हाती लागतं!

आधी शब्दाचं बघू. शाळेत ‘नीलकमल’चा विग्रह आपण ‘निळे असे कमल’ असा करायचो आणि कर्मधारय लिहून मोकळे व्हायचो. ब्लू प्रिंटही त्याच घडणीची. इंग्रजीत हे दोन शब्द आता जोडून लिहितात आणि बोलताना जोर ‘ब्लू’वर देतात. तेच सुटे लिहून ‘प्रिंट’वर जोर दिला, तर साडीवरची किंवा पडद्यावरची निळी छपाई होते. जोराची जागा बदलली की अर्थ बदलतो. इंग्रजी जोडशब्दांची ही खोड एकदा लक्षात आली की ‘ब्लॅकबोर्ड’ हिरवा का चालतो हेही कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आपण सर्रास विसरतो. ब्लू प्रिंट म्हणजे मूळ नकाशा नाही. ती नकाशाची प्रत. मूळ नकाशा कचेरीतल्या कपाटात जपून ठेवलेला असे, आणि ब्लू प्रिंट जिथे भिंत चढत असे तिथे जाई. कंत्राटदाराच्या हातात, मिस्त्रीच्या फळीवर, सिमेंटच्या धुळीत. म्हणजे ब्लू प्रिंट निघाली याचा अर्थ विचार पुरा झाला, मापं पक्की झाली, आता काम सुरू. कच्च्या कल्पनेला ब्लू प्रिंट म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

प्रत काढायची तरी कशी?

झेरॉक्स नव्हतं तेव्हा नकाशाच्या दहा प्रती हव्या असतील तर तो दहा वेळा हातानं काढावा लागे. मूळ चित्रावर पारदर्शक कापड पसरायचं आणि रेघ न् रेघ गिरवायची. हे काम करणारी माणसं पगारावर ठेवलेली असत. आपल्याकडे सरकारी भरतीच्या जाहिरातींत ‘अनुरेखक’ नावाचं पद दिसतं ना, ते हेच. इंग्रजीतला ट्रेसर. नकाशा आखणारा तो आरेखक, आणि त्यावरून गिरवणारा तो अनुरेखक. कृषी आणि नगररचना खात्यांच्या जाहिरातींत हे शब्द वाचले की मला फार बरं वाटतं. एका संपत आलेल्या कारागिरीचं नाव तिथे शाबूत आहे.

गिरवण्याचं ते कापड अतिशय तलम असे आणि त्याला कडक खळ असे. नकाशा बाद झाला की कापड धुऊन खळ काढायची आणि घरी हातरुमाल शिवायचे, ही इंजिनियरांच्या घरची जुनी रीत.

ब्लू प्रिंटनं हे गिरवणं एकदाच करण्यावर आणलं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन रसायनं पाण्यात कालवून कागदाला लावायची आणि अंधारात वाळवायची. त्यावर काळ्या शाईनं आखलेलं ट्रेसिंग ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात धरायचं. जिथे ऊन पोचतं तिथे त्यातल्या अतिनील किरणांनी लोखंडाची अवस्था बदलते आणि पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो. काळ्या रेघेखाली ऊन पोचत नाही, तिथलं रसायन धुताना वाहून जातं आणि कोरा कागद उघडा पडतो. म्हणून रेघा पांढऱ्या आणि बाकी सारं निळं. दुसरी प्रत हवी? दुसरा कागद लावा.

यातलं पहिलं रसायन तुमच्या घरीही येऊन गेलं असेल. ‘एचबी कमी आहे’ म्हणून डॉक्टर लोहाचं टॉनिक लिहून देतात, त्यातल्या काही बाटल्यांच्या लेबलवर फेरिक अमोनियम सायट्रेट हेच नाव असतं.

बापाची प्रिंट, लेकाची प्रिंट

ही युक्ती शोधली सर जॉन हर्शेल यांनी, १८४२ साली. तिला त्यांनी सायनोटाइप म्हटलं. हर्शेल हे घराणंच अचाट. वडील विल्यम हर्शेल यांनी १७८१ साली युरेनस ग्रह शोधला. जॉन यांनी छायाचित्रणाच्या क्षेत्राला निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्द दिले. आपले जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये ज्याला ‘हायपो’ म्हणत, ते फोटो पक्का करणारं रसायन हीदेखील त्यांचीच देणगी. शिकाऱ्यांच्या बोलीतला ‘स्नॅपशॉट’ हा जोडशब्द १८६० साली त्यांनीच फोटोला लावला.

पण खरी गंमत पुढच्या पिढीत आहे, आणि ती हिंदुस्थानात घडली. जॉन यांचा मुलगा, तोही विल्यम, बंगालमध्ये सनदी अधिकारी होता. १८५८ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूरला त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या मालाचा करार केला. हा माणूस उद्या ‘सही माझी नव्हेच’ म्हणाला तर? विल्यमनं कचेरीच्या शिक्क्याची तेलकट शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि कराराच्या कागदावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे तो कित्येक वर्षं ठसे जमवत, ताडून पाहत राहिला आणि बोटांच्या रेघा वयानं बदलत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. १८९७ साली कोलकात्यात बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय उघडलं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या तिथल्या दोन अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांची नावं आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहेत याची मला चुटपुट लागते.

तर बापानं ब्लू प्रिंट दिली आणि लेकानं फिंगर प्रिंट. एका घरात दोन प्रिंट!

शेवाळाचं निळं पुस्तक

हर्शेल यांच्या हयातीत इंजिनियरांनी या कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोटोग्राफरांनाही तो नको होता, कारण निळ्या चेहऱ्याचा फोटो कोणाला आवडणार? पण त्याचं सोनं केलं अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी. त्यांचे वडील जॉन चिल्ड्रन ब्रिटिश म्युझियममध्ये होते आणि हर्शेल यांचे स्नेही. अ‍ॅटकिन्सबाईंना समुद्री शेवाळाचा नाद. त्याची चित्रं हातानं काढणं महाकठीण, एकेक तंतू केसाएवढा. त्यांनी शेवाळ थेट त्या कागदावर पसरलं, वर काच ठेवली आणि उन्हात मांडलं. निळ्या पाण्यात पांढरं शेवाळ तरंगतंय असं हुबेहूब चित्र उमटलं. कॅमेरा नाही, भिंग नाही.

१८४३ साली त्यांच्या ‘ब्रिटिश अल्जी’ या पुस्तकाचा पहिला भाग निघाला. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून आज ते ओळखलं जातं. दहा वर्षं त्या भागामागून भाग काढत राहिल्या. मजकूरही छापखान्यात खिळे जुळवून केलेला नाही, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात आहे आणि तोही सायनोटाइपनंच छापलेला. पुस्तकावर नावाऐवजी फक्त ‘ए. ए.’ अशी आद्याक्षरं होती. पुढे एका संग्राहकानं त्याचा अर्थ ‘अ‍ॅनॉनिमस अ‍ॅमॅच्युअर’, म्हणजे कोणीतरी अनाम हौशी, असा लावला होता. इतकं काम करून बाईंच्या वाट्याला हे! आता कुठे त्यांना त्यांची जागा मिळते आहे.

वेढ्यातलं पोस्ट

१८९९ ते १९०० या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या मेफकिंग गावाला बोअर सैन्यानं २१७ दिवस वेढा घातला. आत अडकलेल्या इंग्रजांचा प्रमुख होता बेडन-पॉवेल, ज्यानं पुढे स्काउट चळवळ काढली. गावात टपाल चालू ठेवायचं तर तिकिटं हवीत, आणि बाहेरून काहीच येत नव्हतं. मग तिथे ब्लू प्रिंटच्या पद्धतीनं निळी तिकिटं बनवली. एकावर बेडन-पॉवेलचा चेहरा, दुसऱ्यावर सायकलवर बसलेला गुडइयर नावाचा निरोप्या पोरगा. एक पौंडाच्या नोटाही याच निळ्या पद्धतीनं काढल्या. ही तिकिटं आज संग्राहकांचा जीव की प्राण आहेत.

खिडकीबाहेर ऊन खाणारे नकाशे

हर्शेल १८७१ साली वारले. त्यानंतरच्या दशकांत मात्र रेल्वे, पूल, जहाजं आणि उंच इमारतींच्या कामांना ऊत आला आणि निळ्या कागदाचं दैव फळफळलं. कचेऱ्यांच्या गच्चीवर मोठमोठ्या काचेच्या चौकटी उन्हात मांडलेल्या असत. काही ठिकाणी रुळांवरून चौकट खिडकीबाहेर ढकलायची आणि काम झालं की आत ओढायची सोय होती. आभाळ आलं की प्रत निघायला वेळ लागे. विजेचे आर्क दिवे आले तेव्हा कुठे उन्हाची ही मिनतवारी संपली.

दोन बारीक गोष्टी मला या धंद्यातल्या फार आवडतात. पहिली: निळ्या कागदावर दुरुस्ती करायची तर कशानं? साध्या धुण्याच्या सोड्यानं! सोड्याचं पाणी टाकानं किंवा काडीनं ओढलं की तिथला निळा रंग उडतो आणि पांढरी रेघ उमटते. आरेखकाच्या टेबलावर सोड्याच्या पाण्याची वाटी असायची ती यासाठी.

दुसरी गोष्ट आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. बांधकामाच्या नकाशावर सूचना असते की पट्टी लावून माप घेऊ नका, लिहिलेलं मापच धरा. हिला ब्लू प्रिंटनं भक्कम कारण पुरवलं. कागद ओला होऊन वाळला की आखडतो. त्यामुळे रेघेवर पट्टी लावून काढलेलं माप चुकायचं आणि चुकलेल्या मापाची भिंत उभी राहायची. आता कागद भिजत नाही, तरी सूचना कायम आहे आणि ती असावीच, कारण मोबाइलवर आलेल्या पीडीएफची प्रिंट कोण किती टक्क्यांनी काढील याचा नेम नाही.

या निळ्याची कुळकथा

या कागदावरच्या रंगाचं नाव प्रशियन ब्लू. तो सापडला १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये, आणि तोही लाल रंग करताना! डीसबाख नावाचा रंगारी कोचिनिल किड्यांपासून लाल रंग बनवत होता. त्याला लागणारा पोटॅश त्यानं डिप्पेल नावाच्या माणसाकडून आणला. तो पोटॅश जनावराच्या रक्तापासून केलेल्या तेलानं बाटलेला होता. लाल राहिलं बाजूला, भांड्यात गर्द निळं उतरलं. हा डिप्पेल जर्मनीतल्या फ्रँकेन्स्टाइन नावाच्या किल्ल्यात जन्मलेला होता, हेही सांगून टाकतो.

हा निळा जपानला पोचला आणि तिथे त्याला बर्लिनवरून ‘बेरो’ म्हणू लागले. होकुसाईचं १८३१च्या सुमाराचं ‘महालाट’ हे चित्र टी-शर्टावर, कपावर सगळीकडे दिसतं. त्या लाटेचा निळा हाच.

आता विष. १७८२ साली शील या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं प्रशियन ब्लूपासून एक आम्ल वेगळं केलं. ते आज हायड्रोजन सायनाइड म्हणून ओळखलं जातं. ग्रीकमध्ये ‘कुआनोस’ म्हणजे गडद निळा, त्यावरून सायनाइड. रहस्यकथांमधल्या त्या जहाल नावात रंग आहे तो असा.

आणि औषध? स्वतः प्रशियन ब्लूमध्ये सायनाइड लोखंडाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात गेलं तरी सुटत नाही. उलट हा रंग आतड्यात किरणोत्सारी सिझियमला आणि थॅलियम या विषाला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर काढतो. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं किरणोपचाराचं यंत्र भंगारात गेलं. त्यातली अंधारात निळसर चमकणारी सिझियमची पूड लोकांनी कौतुकानं घरी नेली, अंगाला लावली. चारजण दगावले. बाधितांपैकी ४६ जणांना प्रशियन ब्लू देण्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हा रंग आज मानानं बसला आहे.

पॅथॉलॉजी लॅबमध्येही त्याची ये-जा आहे. शरीरात लोहाचा साठा किती हे पाहायचं तर अस्थिमज्जेच्या नमुन्यावर ‘पर्ल्स’ रंगाची चाचणी करतात. जिथे लोह असेल तिथे सूक्ष्मदर्शकाखाली निळे ठिपके दिसतात. १८६७ पासूनची ही रीत, आणि रसायन आपल्या नकाशाच्याच कुळातलं.

निळं गेलं, वास आला

विसाव्या शतकात डायझो पद्धत आली आणि चित्र उलटं झालं. कागद पांढरा, रेघा निळ्या. पाण्यात धुवायची गरज नाही, अमोनियाच्या वाफेवर प्रत तयार. या कागदाचं एक गाजलेलं व्यापारी नाव ‘ओझालिड’. डायझॉल या शब्दाची रोमन अक्षरं उलटीसुलटी करून ते जुळवलेलं आहे. आपल्याकडे यालाच ‘अमोनिया प्रिंट’ म्हणत. आर्किटेक्टच्या कचेरीत किंवा नगरपालिकेबाहेरच्या प्रिंटच्या दुकानात ज्यांनी एकदा तरी पाऊल टाकलंय त्यांच्या नाकात तो झणझणीत वास अजून असेल. गुंडाळी हातात घेतली तरी डोळ्यांत पाणी यायचं.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५च्या आवृत्तीत नकाशा कोणत्या रंगात रंगवावा याचा तक्ता आहे. त्यात साधा पांढरा नकाशा, ब्लू प्रिंट आणि अमोनिया प्रिंट असे वेगवेगळे रकाने आहेत. म्हणजे संगणक आले होते तेव्हाही निळ्या कागदाला नियमात स्वतःची जागा होती!

आता बोलण्यातली ब्लू प्रिंट

निळा कागद अनेक भाषांनी आपापल्या शब्दांत नेला. जपानीत ‘आओजाशिन’ म्हणजे निळं छायाचित्र, चिनीत ‘लानथू’ म्हणजे निळं चित्र, जर्मनीत ‘ब्लाउपाउझे’. तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ भविष्याची पक्की योजना असाही होतो. मराठीनं शब्द इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला, आणि बहुतेक जण त्याला स्त्रीलिंगी वापरतात: ‘ती ब्लू प्रिंट’. सप्टेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेनं महाराष्ट्राच्या विकासाची ब्लू प्रिंट प्रसिद्ध केली, तेव्हा तर हा शब्द वृत्तवाहिन्यांवर उठताबसता कानी पडे.

बी.एड. केलेल्यांना मात्र या शब्दाचा वेगळाच अर्थ आठवेल. कोणत्या घटकावर किती गुणांचे, कोणत्या प्रकारचे प्रश्न याचा प्रश्नपत्रिकेआधी जो तक्ता करतात, ती ब्लू प्रिंट. मराठीत तिला ‘संविधान तक्ता’ म्हणतात. इथे शब्द अगदी चपखल बसतो, कारण तक्ता ठरला की दोन वेगळ्या शिक्षकांनी काढलेली प्रश्नपत्रिकाही एकाच मापाची होते.

डीएनएला ‘जीवनाची ब्लू प्रिंट’ म्हणणं मात्र रिचर्ड डॉकिन्स यांना मान्य नाही. १९८६ सालच्या ‘द ब्लाइंड वॉचमेकर’मध्ये त्यांनी त्याऐवजी केकच्या पाककृतीची उपमा सुचवली. घर मोजून त्याची ब्लू प्रिंट पुन्हा काढता येते, नकाशातली एक खिडकी म्हणजे घरातली एक खिडकी. केकचा एकेक कण पाककृतीतल्या एकेका शब्दाशी असा जुळत नाही, आणि जनुकांचंही तसंच. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

मग हा शब्द कधी वापरावा? विचार चालू असेल तर ‘कल्पना’ म्हणा. ढोबळ मांडणी झाली असेल तर ‘कच्चा आराखडा’ म्हणा. किती खर्च, कोण करणार, कधीपर्यंत, हे सगळं ठरलं असेल आणि कागद काम करणाऱ्याच्या हाती द्यायला तयार असेल, तरच ब्लू प्रिंट. पुढच्या वेळी व्यासपीठावरून कोणी ब्लू प्रिंट जाहीर केली, की यातलं काय काय आहे ते जरूर विचारा.

करून बघायची असेल तर

सायनोटाइप आता हौसेखातर पुन्हा केला जातो आणि आपल्याकडच्या उन्हासारखं ऊन कुठे मिळणार? दोन्ही रसायनांचं वेगवेगळं पाणी करून ठेवायचं, लागेल तेवढंच सम प्रमाणात मिसळायचं. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. पिवळ्या मंद दिव्यात जाड कागदाला ब्रशनं लावा, वाळला की पिंपळाचं जाळीदार पान ठेवून काच दाबा आणि दुपारी उन्हात न्या. पोपटी कागद बघता बघता राखाडी होतो. दहा-पंधरा मिनिटांनी नळाखाली धरा, पिवळं पाणी वाहून जाईल आणि निळा वर येईल. घाई असेल तर शेवटच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाका, रंग तत्काळ गडद होतो. कोऱ्या चहात बुडवलं तर निळा काळसर तपकिरी होतो. उन्हानं फिका पडलेला कागद काही दिवस अंधारात ठेवला की रंग बराचसा परत येतो.

सुती कापडावरही हे छान जमतं, कुर्त्यावर फर्नचं पान काढून बघा. फक्त तो कुर्ता वॉशिंग पावडरमध्ये भिजवू नका. आरेखक ज्या सोड्यानं निळ्यावर पांढरी रेघ ओढायचे, तोच सोडा तिच्यात असतो.